विहाराची जमीन : लेण्याद्रीच्या कातळापासून आपल्या शहाबादीपर्यंत



आपल्या विहाराच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्ही इतिहासावर चार पानं लिहा, असा निरोप समितीने धाडला. मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळ्या करून उरलेल्या वेळात मिळेल ते वाचलेला माणूस आहे. त्यामुळे भाषेत कमीजास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

विषय कोणता घ्यावा हा प्रश्न होता. पण तो समितीच्या गेल्या बैठकीनेच सोडवला. बैठकीत ठराव आला की वर्धापनदिनाच्या आधी विहारातली जुनी शहाबादी उखडून टाकावी आणि चकचकीत टाईल बसवावी. तरुण म्हणाले, फरशी काळवंडली आहे, पाहुण्यांसमोर लाज वाटते. म्हातारी माणसं गप्प बसली. मी त्या दिवशी एवढंच म्हणालो की घाई करू नका, मला थोडं बोलायचं आहे. ते बोलणं म्हणजे हा लेख. फरशी हा काय इतिहासाचा विषय आहे का, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं असं की आपला निम्मा इतिहास पायाखालीच आहे. कुठे पाय ठेवायचा आणि कुठे नाही, यावरच तर आपल्या बापजाद्यांचं आयुष्य गेलं.

विनयपिटकातली जमीन

आपण विहारात त्रिशरण, पंचशील म्हणतो, धम्मपद वाचतो. विनयपिटक मात्र भिक्खूंचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवतो. मी ते मराठी-हिंदी मिळेल त्या भाषेत वाचलं आणि चकित झालो. त्यात मोठमोठ्या तत्त्वज्ञानाच्या जोडीला झाडू, पाण्याचं भांडं आणि पुसायचं फडकं आहे.

महावग्गात शिष्याने आपल्या उपाध्यायाची सेवा कशी करावी हे सांगितलं आहे. त्यात विहार झाडण्याची पद्धत क्रमाने दिली आहे. आधी पात्र आणि चीवर बाहेर काढून ठेवा. मग आसनं, गादी, खाट काढा. जमिनीवरचं अंथरूण उचलण्याआधी ते कसं घातलेलं होतं ते नीट बघून ठेवा, म्हणजे परत तसंच घालता येईल. जाळी-जळमटं आधी वरची काढा. मग खिडक्या, कोपरे. भिंतीला गेरू दिलेला असेल आणि डाग पडले असतील तर फडकं ओलं करून, पिळून, पुसा. जमीन काळ्या रंगाने घोटलेली असेल तर तीही ओल्या पिळलेल्या फडक्याने पुसा. जमीन साधी मातीची असेल तर आधी पाणी शिंपडा आणि मग झाडा, म्हणजे धूळ उडून विहार मळणार नाही. ज्या दिशेने धुळीचा वारा येतो त्या दिशेच्या खिडक्या लावून घ्या.

बायाबापड्यांनो, यात आणि तुमच्या सकाळच्या कामात काय फरक आहे सांगा. वरून खाली झाडत या, फडकं पिळून घ्या, पाणी ओतू नका. आजही दगडी फरशी सांभाळणारा जाणकार माणूस हेच सांगतो.

पुढे चुल्लवग्गात तर आणखी बारीक नियम आहेत. भिक्खू घोटलेल्या जमिनीवर थुंकत, त्याने रंग खराब होई. भगवंतांनी ते बंद करून थुंकण्यासाठी भांडं ठेवायला सांगितलं. खाटांच्या पायांनी जमिनीवर ओरखडे उठत, तेव्हा पायांना कापड गुंडाळायला सांगितलं. भिंतीला टेकून बसल्याने रंग जाई, तेव्हा टेकायला फळी दिली. त्या फळीनेही खाली जमीन आणि वर भिंत खरवडू लागली, तेव्हा फळीच्या दोन्ही टोकांना कापड बांधायला सांगितलं. आवारात चिखल झाला तेव्हा आधी खडी टाका म्हणाले, त्याने भागलं नाही तेव्हा सपाट दगड बसवा म्हणाले, आणि पाणी तुंबलं तेव्हा मोरी काढा म्हणाले.

म्हणजे दगडी फरशी बसवणं, तिच्यावरचे ओरखडे टाळणं, पाण्याला वाट करून देणं, याचा विचार संघात तेव्हाच झालेला आहे. आणि आपल्या विहारात काय चालतं? कार्यक्रम संपला की लोखंडी खुर्च्या फरफटत कोपऱ्यात नेतो. त्या ओळींच्या ओळी फरशीवर उमटलेल्या आहेत. खुर्चीच्या पायाला रबरी टोपी नाहीतर चिंधी बांधायला आपल्याला चाळीस वर्षांत सवड झाली नाही.

आता हे काम कोण करी? इथे खरी गंमत आहे. जात बघून झाडूवाला नेमलेला नव्हता. शिष्य क्षत्रिय कुळातला असला तरी त्याने उपाध्यायाची खोली झाडायची. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी स्वतः होऊन भगवंतांना विनंती केली की आमचा न्हावी उपाली याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. सुनीत हा तर वाळलेली फुलं झाडून काढणारा, हलक्या कुळातला म्हणून लोकांनी हिणवलेला माणूस. तो पुढे थेर झाला आणि त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत. चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. भगवंतांनी त्याच्या हाती स्वच्छ फडकं दिलं आणि ते हाताने घासत धूळ निघून जाते एवढंच म्हणायला सांगितलं. फडकं मळत गेलं आणि त्याला अनित्यता कळली. पाठांतर येणाऱ्यालाच ज्ञान मिळतं, हा समज तिथे एका फडक्याने पुसला गेला.

जुन्नरच्या डोंगरांत

आता आपल्या परिसराकडे येऊ. जुन्नरच्या भोवती चारी बाजूंना लेणी आहेत. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि पाडळीजवळची तुळजा लेणी मिळून लहानमोठी दोनशेहून अधिक खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच असतील. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा व्यापार इथून जाई, म्हणून इथे दानही आलं आणि भिक्खूसंघही राहिला.

हे लेख वाचण्याचं मोठं काम पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी केलं. 1881 साली त्यांचं पश्चिम भारतातल्या लेण्यांमधील शिलालेखांचं पुस्तक निघालं. त्यातली दात्यांची नावं बघा. लेण्याद्रीचं मोठं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिलं. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. चंद नावाच्या यवनाने चैत्यगृहाचं दर्शनी काम दिलं. नहपान या महाक्षत्रपाचा अमात्य अयम याने 46 व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेवून त्याच्या उत्पन्नातून संघाची सोय केल्याचेही लेख आहेत. ग्रीक, शक, सोनार, वाणी, बुरूड, कासार सगळे एका डोंगरावर. अमक्याच्या हातचं पाणी चालत नाही, असं इथे कुणी लिहून ठेवलेलं नाही. उलट ज्याने त्याने पाण्याची पोढीच दान दिली आहे.

माझ्या धंद्याचा म्हणून एक लेख मला फार जवळचा वाटतो. तो जुन्नरचा नाही, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी 3000 कार्षापण कायमचे ठेवले. ते कुणाकडे ठेवले? विणकरांच्या श्रेणींकडे. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. त्या व्याजातून भिक्खूंना चीवर मिळायचं. म्हणजे राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती विश्वासाने देतो. आणि त्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्याला घेत नसत, कारण धोटा भरताना सूत तोंडाने ओढावं लागे आणि आपला उष्टा धागा दुसऱ्याला चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढे खडसावून मांडला होता. एवढा फरक कसा पडला, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मी जमिनीबद्दल बोलत होतो. लेणं कोरताना पाथरवट वरून खाली येतो. आधी छत, मग खांबांची डोकी, मग भिंती, आणि सगळ्यात शेवटी जमीन. म्हणजे लेण्याची जमीन हे शेवटचं काम. मानमोडीच्या अंबा-अंबिका गटातलं चैत्यगृह अपुरं राहिलेलं आहे. ते पाहिलं म्हणजे कळतं की डोंगर पोखरणं ही काय मेहनत होती, आणि सपाट, पाय न ठेचकाळणारी जमीन मिळेपर्यंत किती हातांचे घट्टे पडले असतील. हा दगड म्हणजे काळा कातळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. छिन्नीला सहज दाद न देणारा.

दात्यांची नावं राहिली. कोरणाऱ्यांची बहुतेक गेली. पण सगळीच नाहीत. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहातल्या लेखात दगड घडवणारे ‘सेलवढकी’ आले आहेत आणि ‘मिठिक’ही आले आहेत. मिठिक म्हणजे दगड घासून गुळगुळीत करणारा, असा अर्थ विद्वान लावतात. फरशी घासणाऱ्या माणसाचा मान राखणारा एवढा जुना लेख आपल्या महाराष्ट्रात आहे, हे आपल्या मुलांना सांगायला पाहिजे.

लेण्याद्रीचं सातवं लेणं सगळ्यांना गिरिजात्मज म्हणून माहीत आहे. तो मुळात वीस खोल्यांचा भिक्खूंचा विहार. मधल्या मोकळ्या जागेत एकही खांब नाही आणि तिची लांबी-रुंदी पन्नास फुटांहून जास्त आहे. तिथे आज रोज हजारो पाय पडतात. श्रद्धेने येणाऱ्याशी आपलं भांडण नाही. आपलं मागणं एवढंच की तिथे येणाऱ्या प्रत्येकाला ही जागा आधी काय होती ते कळावं, आणि त्या कातळावर तेल, दूध, रंग सांडू नये. आणि हे सांगताना आपणही आपल्याकडे बघावं. आपली मंडळी लेण्यांत जातात तेव्हा जमिनीवरच मेणबत्त्या चिकटवतात, भिंतीला काजळी धरते. अगरबत्त्या कातळाच्या फटीत खोचतात. काही उत्साही पोरं तारेचा ब्रश आणि साबणाची पावडर घेऊन श्रमदानाला निघतात. भावना चांगली, पण काम घातक. जिथे छतावर जुन्या रंगाचा अंश आहे, भिंतीवर अक्षरं आहेत, तिथे तारेचा एक फटका दोन हजार वर्षं खरवडून नेतो. संरक्षित लेण्यांत पुरातत्त्व खात्याला विचारल्याशिवाय धुणं, घासणं, रंगवणं करायचं नाही. कायदाही तसा आहे, 1958 चा. प्लॅस्टिक उचला, पाचोळा मऊ केरसुणीने काढा, पोढीत कचरा टाकणाऱ्याला अडवा. एवढं केलं तरी पुष्कळ.

शुद्धी आणि सफाई

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. त्यानंतर सवर्णांनी काय केलं? तळ्यातून 108 घागरी पाणी काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही घातलं, मंत्र म्हणून ते परत तळ्यात ओतलं आणि तळं शुद्ध झालं असं जाहीर केलं. जे पाणी घाण नव्हतं ते शुद्ध केलं, आणि शुद्ध करायला त्यात शेण घातलं! शुद्धी आणि सफाई यांतला फरक समजायला याहून मोठा दाखला नको.

सफाईत मळ काढतात. शुद्धीत माणूस काढतात. सफाई कुणीही करू शकतो. शुद्धीला मात्र कुणीतरी अशुद्ध लागतोच.

आपल्या आया-आज्या दुसऱ्यांची अंगणं झाडत होत्या, पण त्यांच्या ओट्यावर पाय ठेवला तर तो ओटा धुतला जाई. ज्याने झाडलं त्याच्याच पायाने ती जागा विटाळे. माझी आजी म्हणायची, “आमच्या हाताला काम चालतं, पायाला जागा चालत नाही.” म्हणून पुढे काही लोकांनी झाडूच फेकून दिला. ते बरोबरच होतं. गुलामीचा झाडू फेकायलाच पाहिजे होता. पण त्याबरोबर एक वाईट समज आपल्यात राहिला की झाडणं-पुसणं म्हणजे हलकं काम. आता शिकलेली पोरं विहारात येतात, भाषण करतात आणि झाडायची वेळ आली की बायकांकडे बघतात. हा मनुवादच आहे, फक्त आपल्या घरात शिरलेला.

गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची डोकी झाडायचे. बाबासाहेबांबद्दल त्यांना केवढं प्रेम! 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले आणि पंधरवडा उलटण्याच्या आत, 20 डिसेंबरला, गाडगेबाबाही गेले. झाडू हातात घेतल्याने त्यांची उंची कमी झाली नाही. झाडू स्वतःच्या मर्जीने धरला की ते श्रमदान असतं. दुसऱ्याने जन्मावरून हातात दिला की ती वेठ असते.

आपली शहाबादी

आता आपल्या विहाराकडे. चाळीस वर्षांपूर्वी आधी पत्र्याची शेड होती आणि खाली सारवलेली जमीन. पावसाळ्यात ओल यायची, वंदनेला बसलं की कपडे ओले. मग वर्गणी काढून फरशी बसवायचं ठरलं. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होतो. ट्रक रस्त्यापर्यंतच आला. तिथून दोघा-दोघांनी एक फरशी धरून आणली. बायकांनी डोक्यावर वाळू आणि चुना वाहिला. कुणी पाच रुपये दिले, कुणी एक दिवसाची मजुरी दिली. त्यांची नावं कुठल्या शिलालेखात नाहीत. त्यांचा शिलालेख म्हणजे ती फरशीच.

हा दगड कर्नाटकातल्या शहाबाद-वाडी भागातला. पूर्वी तो मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1871 मध्ये मुंबईची रेल्वे रायचूरपर्यंत जाऊन मद्रासच्या रेल्वेला मिळाली. ही लाईन शहाबादवरूनच जाते, त्यामुळे हा दगड पुढे मुंबई-पुण्याकडे स्वस्तात येऊ लागला. चाळी, शाळा, दवाखाने, स्टेशनं, गिरण्या, सगळीकडे शहाबादी. महाराष्ट्रातला कामकरी माणूस जन्मला शहाबादीवर आणि निजला शहाबादीवर. उन्हाळ्यात गार, सांडलं तर पुसता येणारी, तुटली तर एकच बदलता येणारी.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. लेण्याचा कातळ आणि शहाबादी हे दोन वेगळे दगड आहेत. कातळ आगीतून झालेला. शहाबादी म्हणजे चुनखडी, पाण्याखाली थर बसून झालेली. म्हणून तिचे सपाट थर निघतात, आणि म्हणूनच तिला आंबट सोसत नाही.

हे आम्ही शिकलो ते चूक करून. काही वर्षांपूर्वी वैशाख पौर्णिमेच्या आधी आम्ही कार्यकर्त्यांनी, आणि त्यात मीही होतो, संडास साफ करायच्या ॲसिडच्या बाटल्या आणल्या. फरशीवर ओतल्या. असा फेस आला की सगळे खूश, म्हणाले बघा कसा मळ निघतोय. तो मळ नव्हता. तो दगड होता. ॲसिडने चुनखडी विरघळते आणि वायू सुटतो, त्याचे ते बुडबुडे. फरशी वाळली तेव्हा पांढरे चट्टे पडलेले, हात फिरवला तर खरखरीत. त्या खरखरीत जागेत पुढे धूळ आणि तेल बसलं आणि फरशी काळवंडली. आज तरुणांना ज्या फरशीची लाज वाटते ती फरशीच्या म्हातारपणामुळे नाही. आमच्या अडाणीपणामुळे आहे. हे कबूल करायलाच मी हा लेख लिहितो आहे.

आता काय करावं

मी जाणकार मिस्त्रींना विचारून घेतलं आहे. गिरणीतल्या तेलकट फरशीचाही मला थोडा अनुभव आहे. समितीने याचा विचार करावा.

पहिलं, फरशी उखडू नये. दगड शाबूत आहे, फक्त वरची कातडी बिघडली आहे. मशीनवर आधी जाड, मग मध्यम, मग बारीक अशा घासायच्या दगडांनी पाणी घालून घासली तर खालचा चांगला थर वर येतो. घासताना निघणारा राडा लगेच उचलला पाहिजे, तो वाळला की पुन्हा चिकटतो. मोरीत सोडला तर मोरी तुंबते. त्याआधी सांध्यातला सुटा, काळा झालेला माल खरवडून सांधे नव्याने भरून घ्यावेत. हलणाऱ्या चार-पाच फरश्या उचलून खाली वाळू-चुना नीट करून परत बसवाव्यात.

दुसरं, डाग. मेणबत्तीचं मेण सुरीने खरवडू नये. ते घट्ट होऊ द्यावं, लाकडी चपटीने उचलावं, उरलेल्यावर टीपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवावी, कागद मेण पिऊन घेतो. समईच्या तेलाच्या डागावर खडूच्या पुडीचा साबणाच्या पाण्यात कालवलेला जाड लेप द्यावा, वर प्लॅस्टिक झाकावं, दुसऱ्या दिवशी काढावं. लेप तेल ओढून घेतो. एकदा नाही गेला तर पुन्हा द्यावा. लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि ॲसिड यांतलं काहीही फरशीला लावू नये.

तिसरं, सील करणं. दगडाला बारीक छिद्रं असतात. पाण्याचा थेंब टाकून बघावा. दगड लगेच काळा पडला तर तो पाणी पितो आहे असं समजावं. अशा दगडात मुरणारं सीलर फडक्याने लावतात आणि वर राहिलेलं काही मिनिटांत पुसून घेतात. ते छिद्रांत बसतं, दगडाचा श्वास बंद होत नाही. वर पापुद्रा धरणारं चकाकीचं वॉर्निश मात्र नको. आपल्या जमिनीला खालून ओल आहे. वर झाकण घातलं की ओल अडकते, लोणा फुटतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून सील करण्याआधी फरशी पूर्ण वाळली पाहिजे. प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. खाली दव धरलं तर अजून थांबावं. हे काम उन्हाळ्यातच करावं, पावसाळ्यात मुळीच नाही. आणि विहाराच्या मागच्या भिंतीशी जे पाणी तुंबतं त्याला आधी वाट काढावी. चुल्लवग्गात सांगितलेली मोरी आपण अजून काढलेली नाही.

चौथं, रोजची सवय. दारात दोन पायपुसणी, एक बाहेर, एक आत. चपलेची वाळू हाच दगडाचा खरा शत्रू. आधी कोरडी मऊ केरसुणी, मग पिळलेलं फडकं. मेणबत्त्यांसाठी वाळूचा ट्रे. खुर्च्यांच्या पायांना टोप्या. आणि पाळी. दर रविवारी दोन घरं, आणि त्यात घरातल्या पुरुषानेही यायचं. वकील असो, मास्तर असो, सरपंच असो.

संडास-बाथरूमला टाईल लावा, तिथे ती योग्यच आहे. पण वंदनेच्या दालनात चकचकीत टाईलवर थेंबभर पाणी पडलं तर आपल्या म्हाताऱ्या उपासिका घसरून पडतील, याचाही विचार करा.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. त्या गावातल्या माणसांना आपल्या घराची जमीन परत दिसली नाही. आपल्याला आपली दिसते आहे, तिच्यावर बसता येतं आहे. जिच्यावर पहिल्यांदा आपल्या माणसांनी कुणाला न विचारता पाय ठेवला, मांडी घातली, ती ही जमीन. ती आपल्याच हाताने ट्रकमध्ये भरून उकिरड्यावर टाकायची का?

समितीच्या पुढच्या बैठकीत मी टाईलचा ठराव मागे घ्यावा असं सुचवणार आहे. घासाईच्या खर्चात माझा एक महिन्याचा पगार धरावा. आणि पहिल्या रविवारची पाळी माझ्या घराची लिहावी. बादली आणि फडकं मी आणतो.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!